हरला नाही, पण रंगला का?

मी मूळचा कोल्हापूरचा, त्यामुळे फुटबॉल आमच्यासाठी परका खेळ नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजीची गाठ पडली की आमच्या पेठेत त्या दिवशी दुसरा विषय नसे. रियाधला आल्यावर बाकीची मराठी मंडळी क्रिकेटचा चॅनल कुठे लागतो याची चौकशी करत होती, तेव्हा मी अल हिलाल आणि अल नस्रची गुणतालिका वाचत बसलो होतो! घरचे हसले. पुढे २०२३ मध्ये रोनाल्डो नस्रकडून खेळू लागला आणि हसणाऱ्यांचीच मुलं पिवळे शर्ट घालून हिंडू लागली.

११ मे २०२४ ची संध्याकाळ. हिलालने तळाच्या अल हज्मला ४-१ असं हरवलं आणि तीन सामने शिल्लक असतानाच लीगचं विजेतेपद पक्कं केलं. टीव्हीवर जल्लोष चालू होता आणि माझा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मी हटकलं, तर म्हणाला, "बाबा, ते जिंकणारच होते ना? मग बघायचं काय त्यात?"

प्रश्न पोरकट वाटला, पण त्याने माझी पाठ काही सोडली नाही. या लेखात त्या प्रश्नाचंच उत्तर शोधतो आहे.

आधी हिलालच्या पदरात त्याचं माप टाकू या. २०२३-२४ च्या हंगामात त्यांनी ३४ सामन्यांत ३१ विजय मिळवले, ३ बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. ९६ गुण, १०१ गोल. सर्व स्पर्धा मिळून सलग ३४ विजयांचा जागतिक विक्रम त्यांनी केला. तोही नेमार ऑक्टोबरमध्येच जायबंदी झालेला असताना. प्रशिक्षक जॉर्ज जेझुस पोर्तुगीज, मधल्या फळीचा सूत्रधार रुबेन नेव्हेस पोर्तुगीज. समोर नस्रचे प्रशिक्षक लुईस कॅस्ट्रोही पोर्तुगीज, आणि रोनाल्डोबद्दल तर बोलायलाच नको. त्याने ३५ गोल करून लीगचा विक्रम मोडला. थोडक्यात, मैदान सौदीचं आणि शाळा लिस्बनची!

आता गंमत पाहा. याच जेझुस यांच्या आयुष्यात ११ मे ही तारीख आधी एकदा येऊन गेली होती. तेव्हा साल होतं २०१३ आणि ते बेन्फिकाचे प्रशिक्षक होते. पोर्तुगालच्या लीगच्या शेवटून दुसऱ्या फेरीत बेन्फिका आणि पोर्टो समोरासमोर आले, तेव्हा दोघेही लीगमध्ये तोवर अपराजित होते. बेन्फिका दोन गुणांनी पुढे होता, म्हणजे बरोबरीही त्यांना चालणार होती. नव्वद मिनिटं संपली, १-१. आणि ९२ व्या मिनिटाला पोर्टोच्या केल्विन नावाच्या बदली खेळाडूने गोल केला. मैदानाच्या कडेला उभे असलेले जेझुस गुडघ्यांवर कोसळले. तो सामना मी रात्री उशिरा पाहिला होता आणि ते दृश्य आजही डोळ्यांसमोर आहे. पोर्टोने लीग ७८ गुणांनी जिंकली, तीही अपराजित राहून. बेन्फिकाचे गुण ७७. पुढच्या दोन आठवड्यांत जेझुस युरोपा लीग आणि पोर्तुगीज कप असे दोन अंतिम सामनेही हरले.

दोन्ही हंगामांत विजेता अपराजितच. मग पहिला अंगावर काटा आणतो आणि दुसऱ्यात पोरं मोबाइल बघतात, असं का?

माझ्या मते, अपराजित राहणं ही विजेत्याची कसोटी आहे, हंगामाची नव्हे. हंगामाची कसोटी लागते ती विजेत्याच्या शेजारी कोण उभं आहे यावर. २०१३ मध्ये पोर्टोच्या खांद्याला खांदा लावून बेन्फिका उभा होता. २०२४ मध्ये नस्रने शंभर गोल करूनही ते चौदा गुणांनी मागे राहिले, आणि तिसरा अल अहली त्यांच्याही सतरा गुण मागे. गतविजेता इत्तिहाद पाचवा! माझ्या लेखी या हंगामातला सर्वांत सुंदर सामना १ सप्टेंबर २०२३ चा. इत्तिहाद मध्यंतराला ३-१ ने पुढे होता आणि हिलालने ४-३ असा सामना फिरवला, मित्रोविचने हॅट्‌ट्रिक केली. का रंगला तो सामना? कारण तेव्हा कोण जिंकेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे पुढे ते सगळ्यांनाच ठाऊक झालं.

इथे कुणी म्हणेल, पोर्तुगालचं कौतुक पुरे! बरोबर आहे. तिथे बेन्फिका, पोर्टो आणि स्पोर्टिंग यांच्याबाहेर विजेतेपद आजवर फक्त बेलेनेन्सेस आणि बोआविश्टा यांनी, एकेकदाच मिळवलं. २०१३ मध्येही तिसरा संघ दुसऱ्याच्या बराच मागे होता. पण तो तिसरा होता पासोस दे फेरेरा, फर्निचरसाठी ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गावाचा संघ, आणि त्या वर्षी स्पोर्टिंग घसरत सातव्या क्रमांकावर गेलं होतं.

आणि खरं सांगायचं तर उदाहरणासाठी पोर्तुगालपर्यंत जायची गरजच नाही. त्याच २०१२-१३ मध्ये सौदी लीग कुणी जिंकली? अल अहसाच्या अल फतेहने! खजुराच्या बागांच्या प्रदेशातला हा संघ २००९ मध्ये वरच्या लीगमध्ये आला आणि चौथ्याच हंगामात विजेता झाला. हिलाल दुसरा. जून २०२३ मध्ये सरकारच्या गुंतवणूक निधीने हिलाल, नस्र, इत्तिहाद आणि अहली या चार क्लबांचे प्रत्येकी ७५ टक्के भाग घेतले. त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात अल फतेहने पुन्हा विजेता व्हायचं म्हटलं असतं तर ते स्वप्नातच! ऑगस्टमध्ये नस्रने त्यांना ५-० हरवलं, रोनाल्डोची हॅट्‌ट्रिक. पैसा आला याला माझी हरकत नाही. आपण सगळे पोटापाण्यासाठीच इथे आलो आहोत, पैशाला नावं ठेवणं आपल्याला शोभणार नाही. हरकत आहे ती तो चारच ताटांत वाढला याला.

हिलालवर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगतो. या संघात केवळ विकत घेतलेले खेळाडू नव्हते. सालेम अल दौसरी मोक्याच्या वेळी उभा राहिला, आणि उजव्या बाजूचा सौद अब्दुलहमीद पुढे इटलीत रोमा संघाकडे गेला. पण एका संघात आठ परदेशी खेळाडू आल्यावर बाकीच्या सौदी मुलांना खेळायला किती मिळतं, ही तक्रार तेव्हाचे राष्ट्रीय प्रशिक्षक मान्चिनी यांनी जाहीरपणे केलीच होती.

त्या हंगामाने माझ्या मुलाला मोबाइल खाली ठेवायला लावला तो अगदी शेवटच्या रात्री. ३१ मे, जेद्दाह, किंग्ज कपचा अंतिम सामना. हिलाल-नस्र १-१, पेनल्टींवर हिलाल विजयी. रोनाल्डो मैदानावर हमसून हमसून रडला. चिरंजीव माझ्या शेजारी गप्प बसले होते. थोड्या वेळाने विचारलं, "बाबा, एवढं सगळं जिंकलेला माणूस एवढा का रडतो?"

मी त्याला २०१३ च्या त्या रात्रीची चित्रफीत दाखवली. गुडघ्यांवर बसलेले जेझुस आणि अकरा वर्षांनी तोच माणूस रियाधमध्ये करंडक उंचावताना. त्याने दोन्ही नीट पाहिलं. मग म्हणाला, "ते गुडघ्यांवर बसलेलं परत एकदा लावा ना."

करंडकाचं दृश्य त्याने पुन्हा मागितलं नाही.