व्हिएन्नाची कॉफीगृहे : आठवणीतली आणि इतिहासातली

एखादे शहर कॉफीसाठी नावाजले गेले की तेथील कॉफीच काही निराळी असावी, असे आपण धरून चालतो. व्हिएन्नाच्या बाबतीत हे गृहीत फारसे टिकत नाही. कॉफी ऑस्ट्रियात पिकत नाही आणि चांगली कॉफी युरोपातील इतर शहरांतही मिळते. व्हिएन्नाची ख्याती पेयाची नसून बसण्याची आहे. ती दूरवर पोहोचवली लेखकांनी. म्हणूनच तिची पारख हा समीक्षेचाही विषय ठरतो.

या ख्यातीच्या मुळाशी एक लोककथा आहे. १६८३ साली व्हिएन्नाचा तुर्की वेढा उठला, तेव्हा छावणीत मागे राहिलेली कॉफीची पोती कोल्शित्स्की नावाच्या हेराला मिळाली आणि त्याने शहरातले पहिले कॉफीगृह उघडले, असे ही कथा सांगते. १८८५ मध्ये त्याचा पुतळाही उभा राहिला. संशोधकांना मात्र निराळीच नोंद सापडली. १६८५ मध्ये कॉफी विकण्याचा परवाना मिळाला, तो योहानेस डिओडाटो या आर्मेनियन व्यापाऱ्याला. कथा बाजूला सारली तरी एक गोष्ट उरतेच : कथेतला नायक बाहेरून आलेला आणि दप्तरातला मालकही बाहेरून आलेलाच.

या कॉफीगृहाचे सर्वांत प्रसिद्ध शब्दचित्र स्टेफान झ्वाइगच्या १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या 'कालचे जग' या आत्मकथनात आहे. एका प्याल्याच्या दामात कोणीही यावे, तासन्‌तास बसावे, लिहावे, पत्ते खेळावेत, देशोदेशीची वृत्तपत्रे चाळावीत, अशी ती जणू लोकशाही मंडळीच असल्याचे तो सांगतो. हे वर्णन आम्हांलाही मोहवते. तथापि त्यात एक उणीव आहे. हे सारे शहराच्या उदार स्वभावातून आपसूक उमलले, असा भास ते निर्माण करते. या लोकशाहीच्या दारात स्त्रिया ग्राहक म्हणून दीर्घकाळ येऊ शकत नव्हत्या, याचीही आठवण त्या चित्राला होत नाही.

प्रत्यक्षात ही संस्कृती उदारतेइतकीच अभावातून घडली. १९१० मध्ये व्हिएन्नाची वस्ती वीस लाखांवर गेली होती. मोराविया, बोहेमिया, गॅलिशिया, हंगेरी येथून माणसे येत होती आणि घरे अपुरी पडत होती. काही तासांपुरती केवळ खाट भाड्याने घेणारे कामकरी शहरात होते. कॉफीगृहात बसणे त्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते; पण भाड्याच्या थंड खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला, बातमीदाराला, होतकरू लेखकाला कॉफीगृह हीच ऊबदार बैठकीची खोली होती. दुसरे कारण वृत्तपत्रांचे. १८९९च्या अखेरीपर्यंत ऑस्ट्रियात वृत्तपत्रावर मुद्रांककर होता, त्यामुळे घरी पत्र घेणे महागात पडे. मालक अनेक पत्रे घेई आणि गिऱ्हाईक एका प्याल्यावर ती सगळी वाचून काढी. सरकारी कराने वाचकांना कॉफीगृहात आणून बसवले, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

झ्वाइगच्या शेजारी आल्फ्रेड पोल्गारचा 'काफे सेंट्रल'वरचा १९२६चा निबंध ठेवून वाचावा. तेथे मंडळी नाही, एकाकीपण आहे. ज्यांना एकटे राहायचे आहे, पण एकटे राहण्यासाठीही ज्यांना माणसांची सोबत लागते, अशांचे ते आश्रयस्थान असल्याचे तो मिस्कीलपणे सुचवतो. पीटर आल्टेनबर्ग या लेखकाने तर याच काफेचा पत्ता स्वतःचा म्हणून दिला होता. आमच्या मते पोल्गारचे चित्र अधिक खरे आहे, कारण तो त्या मेजावर बसून लिहितो. झ्वाइग ते मेज गमावल्यावर लिहितो.

मात्र हा झ्वाइगचा दोष मानणे अन्यायाचे होईल. मार्च १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. कॉफीगृहांतील लेखक, पत्रकार, वाचक आणि मालक यांत ज्यूंचा वाटा मोठा होता. कोणी परागंदा झाले, कोणी छळछावण्यांत मारले गेले. पोल्गार अमेरिकेत पोहोचला. झ्वाइगने आधीच देश सोडला होता. जवळ टिपणे नाहीत, ग्रंथ नाहीत, अशा स्थितीत त्याने केवळ स्मरणावर हे पुस्तक लिहिले आणि १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये आपले जीवन संपवले. त्याचे शब्दचित्र इतके निर्दोष का, याचे उत्तर येथे आहे. हरवलेल्या घराच्या भिंतींची ओल कोणी आठवत नाही.

पुढे 'काफे सेंट्रल' पुन्हा उघडले. २०११ मध्ये व्हिएन्नाच्या कॉफीगृह-संस्कृतीची ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली. संगमरवरी मेजे आहेत, तबकात कॉफीसोबत पाण्याचा पेला येतो, वृत्तपत्रे लाकडी चौकटीत लावलेली असतात. यातले काही खोटे नाही. परंतु ज्यांच्यामुळे त्या मेजांना अर्थ होता, ती माणसे सूचीत नोंदवता येत नाहीत.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहून तेथलेच झालेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना ही कथा परकी वाटू नये. बाहेरून आलेली माणसे शहराला घडवतात, आणि पुढे त्यांनी घडवलेले शहराचे भूषण म्हणून मिरवले जाते. आपली वाचनालये, आपली मंडळे यांच्या खुर्च्या आणि कपाटे आपण निगुतीने जपतो, ते योग्यच आहे. पण उद्या एखादा तरुण जुन्या पुस्तकासाठी नव्हे, केवळ बसायला आणि वाद घालायला तेथे आला, तर त्याला 'काय काम आहे?' असे विचारले जाणार नाही, याची खात्री आपल्याला आहे काय? व्हिएन्नाच्या मालकाने तो प्रश्न विचारला नाही. त्याच्या शहराच्या कीर्तीत त्याचा वाटा बहुधा तेवढाच, आणि तो लहान नाही.