थट्टा नक्की कुणाची?

चेखवची ‘एक छोटीशी थट्टा’ लोक गोड प्रेमकथा म्हणून शेअर करतात. मला ती तशी वाटत नाही. बर्फाच्या उतारावरून घसरगाडीतून सुसाट खाली येताना निवेदक नाद्याच्या कानाशी प्रेमाचे शब्द पुटपुटतो आणि खाली पोचल्यावर काही झालंच नाही असा चेहरा करतो. हा बोलला की वारा? खात्री करायला ती बिचारी, भीतीने पांढरीफटक पडलेली, एकटीच उतारावरून जाते.

हे सगळं वर्तमानकाळात चालतं. शेवटी अचानक कळतं, याला कैक वर्षं झालीत. नाद्याला तीन मुलं आहेत. १८८६च्या पहिल्या छापील रूपात दोघांचं लग्न होत होतं. चेखवने पुढे ते उडवलं. माझ्या मते कथा तिथे जन्मली. कारण आता निवेदक म्हणतो, तिचं लग्न लावून दिलं की तिने केलं, एकच. पण ‘ती आठवण तिच्या आयुष्यातली सर्वांत सुंदर’ हे मात्र ठामपणे सांगतो. अरे, तुला कुणी सांगितलं? तू तर पीटर्सबर्गला निघाला होतास! थट्टा का केली ते आता कळत नाही म्हणे. तिच्या केसांवरचं दंव मात्र लख्ख आठवतं.