ॲल्युमिनियमवरील रासायनिक लेप : पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा

महाविद्यालयीन रसायनशास्त्रात 'क्षरण' हा घटक शिकविताना पानेच्या पाने लोखंडावर खर्च होतात आणि ॲल्युमिनियम एका वाक्यात उरकले जाते : पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बनतो, म्हणून ते गंजत नाही. हे विधान अर्धेच खरे आहे. हा नैसर्गिक थर अवघा काही नॅनोमीटर जाडीचा असतो व साधारणतः ४ ते ८.५ सामूच्या दरम्यानच टिकतो. उटनूर परिसरातील विद्यार्थ्याने जर्मनचे भांडे राखेने घासलेले घरी पाहिलेले असते. राखेतील पोटॅशियम कार्बोनेट अल्कधर्मी असल्याने तो थर विरघळतो. मिठाचे पाणी त्यात बराच काळ राहिले तर क्लोराइडमुळे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. उदाहरण स्वयंपाकघरातच असताना पुस्तक त्याकडे वळत नाही, हा पहिला दोष.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पुस्तके शुद्ध धातूबद्दल बोलतात, व्यवहारात मात्र मिश्रधातू वापरले जातात. विमानबांधणीतील '२०२४' या मिश्रधातूत सुमारे ४ टक्के तांबे असते. तांबेयुक्त कण ऋणाग्राचे काम करतात आणि भोवतालचे ॲल्युमिनियम झिजते. म्हणजे ताकदीसाठी मिसळलेला घटकच क्षरणाला वाट देतो. क्रोमेट लेपाचे महत्त्व येथे कळते. क्रोमेट द्रावणात धातू बुडविला की षट्‌संयुजी क्रोमियमचे क्षपण होऊन त्रिसंयुजी हायड्रॉक्साइडचा पातळ पापुद्रा बसतो. त्यात अडकून राहिलेले थोडे क्रोमेट पुढे ओरखडा पडल्यास ओलाव्याबरोबर तेथे पोहोचते व जखम भरून काढते. नुसत्या रंगाला हे जमत नाही. कल्हईचा कथिलाचा थरही झिजला की तांबे उघडे पडते, मग कल्हईवाल्याला पुन्हा बोलवावे लागते.

पण हा गुण सांगून थांबणे अध्यापनाच्या दृष्टीने अक्षम्य म्हणावे लागेल. षट्‌संयुजी क्रोमियमची संयुगे मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९० मध्ये नोंदविले. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांत त्यांवर निर्बंध आणले. तामिळनाडूतील राणीपेट व कानपूरजवळील रनिया येथे क्रोमियमयुक्त कचऱ्याने भूजल दूषित केले. आपला विद्यार्थी उद्या एखाद्या प्लेटिंगच्या कारखान्यात त्याच टाकीशेजारी उभा राहणार आहे. त्याला कृती माहीत आणि धोका माहीत नाही, असे होता कामा नये.

पर्याय आहेत. त्रिसंयुजी क्रोमियम, झिर्कोनियम वा टायटॅनियमची फ्लुओराइड संयुगे, सिरियमचे क्षार हे त्यांपैकी काही. मात्र जुन्या लेपाची आपोआप भरून येण्याची क्षमता त्यांना सरसकट साधलेली नाही, हेही वर्गात प्रामाणिकपणे सांगावे. प्रात्यक्षिकासाठी सल्फ्युरिक आम्लातील ॲनोडायझिंग अधिक सोयीचे. सुमारे १५ टक्के आम्लात, बारा-पंधरा व्होल्ट दाबाखाली धनाग्रावरील पट्टीवर काही मायक्रोमीटर जाडीचा सच्छिद्र ऑक्साइड वाढतो, तो रंग शोषतो आणि उकळत्या पाण्यात छिद्रे बंद होतात. आम्ल हाताळताना चष्मा व हातमोजे हवेतच, आणि ऋणाग्रावर हायड्रोजन सुटत असल्याने खोलीत हवा खेळती हवी. अशी पट्टी आणि साधी पट्टी मिठाच्या पाण्यात शेजारी-शेजारी ठेवून आठवडाभर रोज त्यांची नोंद घेता येईल.