नाइसने नेमकं काय मिळतं?

आज आपण ज्या आज्ञेची चिकित्सा करणार आहोत ती सत्तरच्या दशकातली आहे : नाइस. उणे २० ते १९ यांतला आकडा द्यायचा. आकडा जितका मोठा, तितकी ती प्रक्रिया इतरांना वाट देणार. तिच्यासारखी आजची साधनंही आपण वापरता. लिनक्सवरचं अनॅनिसी प्रोग्रॅमचं नाव पाहून आपोआप नाइस लावतं, विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये तर राइट क्लिकवर ‘हाय’ मिळतं. आमचा आक्षेप एवढाच, की ही साधनं जे आश्वासन देतात ते पाळणं आता बऱ्याचदा त्यांच्या हातात नसतं. आणि वापरणाऱ्याला ते कळतही नाही.

संभाजीनगरकरांना यासाठी बाहेरचं उदाहरण नको. जायकवाडीचं पाणी आपल्या नळाला काही दिवसांआड येतं. मग आपण काय करतो? नळाला मोटार लावतो. एकानेच लावली तर त्याची टाकी भरते. सगळ्या गल्लीने लावली की हिशेब जिथल्या तिथे. उणे २० चं अगदी तसंच. २००७ च्या ऑक्टोबरात लिनक्स २.६.२३ मध्ये इंगो मोलनार यांचा सीएफएस आला. त्यात नाइस म्हणजे नुसतं वजन. शून्याचं वजन १०२४, १९ चं १५. दोघेही उणे २० वर बसले तर वाटणी निम्मी-निम्मी, जणू कुणी हात लावलाच नाही. (त्याआधी न्याय्य वाटणीचा आग्रह धरून शेड्युलर लिहिणारे कॉन कोलिवास व्यवसायाने भूलतज्ज्ञ! ऑपरेटिंग सिस्टिमला असेही डॉक्टर लाभलेत.)

खरी गोम पुढेच आहे. मार्च २०११ च्या २.६.३८ मध्ये ऑटोग्रुप आला. प्रत्येक सेशनचा, म्हणजे साधारणपणे प्रत्येक टर्मिनलचा, एक गट. वाटणी आधी गटागटांत, मग गटाच्या आत. नाइस आता घरातल्या घरात चालतो. आधी आंघोळ कुणाची हे आजी ठरवेल, पण लाइनमनने व्हॉल्व्ह किती फिरवला यावर आजीचं काही चालत नाही.

करून बघा. टास्कसेटने एकाच कोअरवर दोन न संपणाऱ्या लूप बांधा, एकीला नाइस १९ द्या. एकाच टर्मिनलमधून सोडल्या तर टॉपमध्ये एकीला ९८ टक्क्यांच्या वर आणि दुसरीला जेमतेम दीड. दोन वेगळ्या टर्मिनलमधून सोडल्या आणि ऑटोग्रुप चालू असेल, तर दोघींना जवळपास ५०. आज्ञा तीच, एरर नाही, आणि टॉपच्या रकान्यात १९ दिमाखात दिसतोय. शेड्युलरला आम्ही दोष देत नाही. मोठं कंपाइल चालू असताना व्हिडिओ अडखळू नये म्हणूनच हे केलं गेलं, मॅन पेजमध्ये लिहिलेलंही आहे. पण वाळूजच्या एखाद्या छोट्या कारखान्यात बिलिंग आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग एकाच यंत्रावर चालत असेल, तर बॅकअपला १९ देऊन निश्चिंत झालेल्या माणसाला त्या रकान्याने चक्क फसवलेलं असतं.

दुसरी अडचण प्रश्नातच आहे. ‘किती’ मिळालं यापेक्षा ‘कधी’ मिळालं यावर आपली तक्रार असते. पाणी रात्री दोनला आलं तर लिटर पुरेसे असूनही आपण चिडतोच ना? गाणं तुटतं, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, ते याच कारणाने. ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ पासून सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ बसला. मूळ कल्पना स्टोइका आणि अब्देल-वहाब यांची, १९९५ ची. कुणाचं देणं थकलंय आणि कुणाची मुदत आधी संपते, हे तो बघतो. लहान तुकडा मागणाऱ्याची मुदत लवकरची, म्हणून पाळीही लवकर. वजन आणि तुकडा या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. नाइस-रिनाइसमध्ये मात्र अजून एकच आकडा टाकायची सोय आहे. आयोनाइसची गत तर आणखी वाईट : एनव्हीएमई डिस्कवर आय-ओ शेड्युलर ‘नन’ असेल तर तो शोभेपुरताच.

मग वापरायचं काय? गटाचं वजन गटालाच द्या. सिस्टिमडी-रनने त्याच दोन लूप वेगवेगळ्या स्कोपमध्ये सोडा, एकीचं सीपीयूवेट २० करा, दुसरीचं मूळचं १०० राहू द्या. टॉपमध्ये ८३ आणि १७ च्या आसपासचे आकडे दिसायला हवेत, टर्मिनल कुठलंही असो.