चुकलेला प्रोग्रॅम आणि कोसळणारा कंपायलर

जळगाव-धुळ्याच्या कोणत्याही महाविद्यालयात सी भाषेच्या पहिल्या प्रात्यक्षिकांना विद्यार्थी जे लिहितात, त्यातले बहुतेक चुकीचे असते. त्यात गैर काही नाही. कुठे अर्धविराम राहतो, कुठे महिरपी कंस उघडाच राहतो, कुठे घोषित न केलेले नाव वापरले जाते. अशा वेळी कोणत्या ओळीत काय चुकले ते सांगणे हे कंपायलरचे काम. पण क्वचित असे होते की चूक सांगता सांगता कंपायलरच कोसळतो आणि पडद्यावर ‘इंटर्नल कंपायलर एरर’ अशी अक्षरे उमटतात. विद्यार्थी बावचळतो. ‘तुझे कोडच चुकले होते, मग दुसरे काय होणार?’ असे त्याला सांगितले जाते. हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपायलर घेऊ. त्याची माहितीपुस्तिकाच स्पष्ट सांगते की, समोर काहीही आले तरी कंपायलर कोसळला तर दोष कंपायलरचा. किराणा मालाची यादी दिली तरी त्याने ‘हे सी नव्हे’ एवढेच म्हणावे!

मग तो कोसळतो का? गणिताचा पेपर तपासताना पहिल्या पायरीत बेरीज चुकली म्हणून आपण तिथेच पेपर मिटत नाही. चूक नोंदवतो आणि पुढची रीत पाहतो. कंपायलरलाही तेच करायचे असते, कारण एका खेपेत जमतील तेवढ्या चुका दाखवल्या तर विद्यार्थ्याचा वेळ वाचतो. प्रोग्रॅम वाचत असताना तो त्याच्या रचनेचा एक वृक्ष स्मृतीत उभा करतो. जिथे अर्थ लागत नाही तिथे ‘येथे चूक आहे’ अशी खुणेची गाठ ठेवून पुढे जातो. समजा, ‘विद्यार्थी’ नावाचा प्रकार घोषित केलेलाच नाही, पण त्या प्रकारचे चल वापरले आहे. चूक छापली गेली, गाठ ठेवली गेली. पुढे दुसरा एखादा विभाग त्याच गाठीला विचारतो, ‘तुझा प्रकार कोणता, आकार किती बाइट?’ खुणेच्या गाठीजवळ याचे उत्तर नसते. विचारणाऱ्याने आधी ती खूण तपासली नसेल, तर तो स्मृतीतील भलत्याच पत्त्यावर जातो आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्याला तिथेच थांबवते.

असा दोष शोधायचा तर पहिली अट अशी की चुकलेली फाइल दुरुस्त करायची नाही. प्रयोगशाळेत नेमके उलटे घडते. विद्यार्थी अर्धविराम घालतो, प्रोग्रॅम चालतो, पुरावा नाहीसा होतो. फाइलची प्रत राखून मग तिला कात्री लावावी. अर्धा भाग काढावा, कंपायलर अजून कोसळतो का पाहावे. कोसळत नसेल तर तो भाग परत घालून दुसरा काढावा. चारशे ओळींचा प्रोग्रॅम, नशीब बरे असेल तर, सात वेळा अर्धा केल्यावर तीन-चार ओळींवर येतो. हेच काम आपोआप करणारे ‘सी-रिड्यूस’ हे साधन अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील जॉन रेगर यांच्या गटाने 2012 मध्ये मांडले. त्यानंतर जीडीबी या साधनाखाली कंपायलर चालवला की कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची साखळी मिळते. साखळीच्या टोकाला ‘गाठ रिकामी असेल तर परत जा’ अशी ओळ घालणे सोपे असते. पण ती गाठ इथवर आलीच कशी, हा खरा प्रश्न. दुरुस्ती पुष्कळदा तीन-चार पायऱ्या मागे करावी लागते.

आता आमची तक्रार. जीसीसीच्या दोषनोंदींत बरोबर कोडवरचे कोसळणे आणि चुकीच्या कोडवरचे कोसळणे यांना वेगवेगळ्या खुणा आहेत आणि दुसऱ्या प्रकाराला सहसा खालचे प्राधान्य मिळते. बरोबर प्रोग्रॅममधून गुपचूप चुकीचे उत्तर निघणे याहून गंभीर आहे, हे मान्य. पण एवढ्यावर थांबत नाही. आधी एखादी चूक छापली गेली असेल आणि मग कंपायलर कोसळला, तर प्रसृत आवृत्ती आपले कोसळणे कबूलच करत नाही. ‘आधीच्या चुकांमुळे गोंधळलो, थांबतो’ अशा अर्थाचा संदेश देऊन बाहेर पडते. दोष तिचा, बोट विद्यार्थ्याकडे. मग कळवणार कोण? त्याच यूटा गटाने 2011 मध्ये ‘सीस्मिथ’ वापरून निरनिराळ्या कंपायलरांतले सव्वातीनशेहून अधिक दोष शोधल्याचे जाहीर केले. काम मोठेच आहे, पण सीस्मिथ मुद्दाम निर्दोष प्रोग्रॅमच तयार करतो. नवशिक्याच्या जगाकडे त्याची नजर नाही. ती नजर कॉर्नेल विद्यापीठाच्या पीएल/सी या कंपायलरला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच होती. तो विद्यार्थ्यांसाठीच लिहिला होता, त्यामुळे चुकलेला प्रोग्रॅमही स्वतः दुरुस्त करून चालवून पाहायचा. त्याची दुरुस्ती कधीकधी हास्यास्पद असणार, पण हेतू योग्य होता.

आपल्याकडे वर्षानुवर्षे टर्बो सी वापरला गेला. त्याचे अंतरंग बंद, आणि डॉसमध्ये स्मृतीला संरक्षण नाही. काही बिघडले की यंत्रच गोठायचे आणि चौकशी तिथेच संपायची. जीसीसीचा मूळ कोड खुला आहे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या गटाने त्याच्या अंतरंगावर कार्यशाळाही घेतल्या आहेत. धुळ्याच्या विद्यार्थ्याने दोष कळवायचा तर कंपायलरची आवृत्ती, दिलेली आज्ञा आणि प्रीप्रोसेसरमधून गेलेली फाइल एवढे पुरते. ही फाइल ‘सेव्ह-टेम्प्स’ हा पर्याय दिला की मिळते. दोष दुरुस्त झाला की तीन ओळींचा तो चुकीचा प्रोग्रॅम, कोणत्या ओळीवर कोणती चूक दाखवली गेली पाहिजे या टिपेसह, जीसीसीच्या चाचणीसंचात ठेवला जातो.