कागदावरचा गंधार आणि पडद्यावरचा गंधार : भातखंडे स्वरलिपीचे एक वाचन

संगीत-तंत्रज्ञान म्हटले की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे संगणक आणि मायक्रोफोन येतात. परंतु गाणे कागदावर उतरवण्याची पद्धत हेही तंत्रज्ञानच आहे, आणि आपल्याकडे संगीत विद्यापीठीय वर्गात आले ते बरेचसे तिच्या आधारे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय ते हेच. त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग पुढे देशभरच्या वर्गांत पोचले.

या स्वरलिपीची चिन्हे मोजकीच आहेत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्रासाठी खाली आणि तारासाठी वर टिंब, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली चंद्रकोर, मींडेसाठी वर कमान. दहा मिनिटांत शिकता येते, हाच तिचा मोठा गुण. विष्णु दिगंबर पलुस्करांची लिपी कालमूल्ये अधिक बारकाईने दाखवते. तरीही जास्त रुळली ती भातखंड्यांचीच.

आता दरबारी कानड्याचा गंधार पाहा. तो नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला आणि संथपणे आंदोलित असतो. त्या आंदोलनावाचून दरबारी उभाच राहत नाही. कागदावर मात्र त्याच्या आणि बागेश्रीच्या गंधाराखाली एकच रेघ. यावरून लिपीने रागाचा नुसता सांगाडा ठेवला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. आक्षेप खरा आहे, पण दोष मला वेगळ्या ठिकाणी दिसतो. भातखंड्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मराठी ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादातून लिहिला, म्हणजे विचारणारा आणि सांगणारा समोरासमोर असणे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांकडेही शिकले, पुढे मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले आणि त्यांनी स्वतः पुष्कळ बंदिशी बांधल्या. त्या याच तुटपुंज्या लिपीत छापल्या गेल्या. कागदाने त्यांची रचना अडली नाही, कारण गंधार आधी गळ्यात होता. परीक्षेपुरती बंदिश 'लिहून' गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याजवळ तो नसतो.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. लखनौच्या दक्षिणेला, रायबरेली रस्त्यालगतच्या वृंदावन योजनेत भाड्याच्या खोलीत राहून संगीतरचना शिकणारा एखादा विद्यार्थी कल्पावा. त्याच्या लॅपटॉपवर १९८३ सालापासून रूढ झालेली मिडी पद्धत आहे. षड्ज ६० क्रमांकाच्या पट्टीवर धरला तर कोमल गंधार ६३ वर येतो : षड्जापासून बरोबर ३०० सेंट (सप्तकाचे १२०० सेंट धरून), आणि अगदी स्थिर. दरबारी असो वा बागेश्री, ६३ च. म्हणजे रेघेच्या जागी आकडा आला, इतकेच. साधन अपुरे आहे असेही नाही, कारण स्वर वाकवण्यासाठी मिडीत १६,३८४ पायऱ्या आहेत. पण त्या वापरायच्या तर कान आधी तयार हवा.

फरक पडतो तो पुढे. कागद मुका असतो. त्यावरचा गंधार ऐकायचा तर कोणाकडे तरी जावेच लागते. पडदा मात्र टिचकीसरशी वाजून दाखवतो, आणि वाजले ते बरोबर असे वाटू लागते. म्हणून जुन्या लिपीपेक्षा हे नवे साधन रचनेच्या विद्यार्थ्याला अधिक फसवे आहे, असे मला वाटते. (पेटीवरही हाच आक्षेप होता, आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती.)

तेव्हा अभ्यासासाठी एवढे करावे. 'क्रमिक'मधील दरबारीची एखादी बंदिश आधी पट्ट्यांवर, जशी लिहिली आहे तशी, वाजवून मुद्रित करावी. मग जाणत्या गायकाचे ध्वनिमुद्रण घेऊन स्वराचा आलेख काढणाऱ्या मोफत प्रणालीत, उदाहरणार्थ 'सॉनिक व्हिज्युअलायझर'मध्ये, दोन्हींचे गंधार एकाखाली एक पाहावेत. एक सरळ रेघ दिसेल, दुसरी लाट. ती लाट आधी स्वतःच्या गळ्यातून काढून पाहावी, आणि पट्टी वाकवण्याच्या चाकाला त्यानंतरच हात लावावा.