न विचारणाऱ्याला काय सांगावे? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या धर्मांतराची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. आगगाडीच्या प्रवासात एक युरोपीय गृहस्थ भेटतो, संभाषण रंगते, निरोप घेताना तो त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करतो. टिळक वाचू लागतात आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा स्नानसंस्कार होतो. प्रवचनात सांगावयास ही कथा सोयीची आहे. कारण तीत ऐकणारा आधीच तहानलेला आहे. कोणीतरी पाणी पुढे करण्याचाच काय तो अवकाश.

त्याच घरात एक दुसरी कथा घडत होती. ती सोयीची नाही, म्हणून प्रवचनात फारशी येत नाही. ती कथा म्हणजे टिळकांच्या पत्नीची. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. १९३६ मध्ये लेखिकेने जगाचा निरोप घेतला, तरी मराठी आत्मचरित्रांत या ग्रंथाचे स्थान आजही पहिल्या ओळीत आहे. त्यातील घरगुती भाषेचे आणि निर्मळ विनोदाचे कौतुक समीक्षकांनी भरभरून केले आहे. मी मात्र या वेळी तो एक वेगळा प्रश्न मनात धरून वाचला: ज्याला आपल्या श्रद्धेविषयी काहीही विचारावयाचे नाही, त्याच्यापुढे ती कशी मांडावी?

हा प्रश्न आपल्या साहित्यपरंपरेला नवा नाही. पण त्याचे उत्तर तिथे सहज सापडत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. मराठी भाषेचे ते लेणेच आहे. त्या ग्रंथात श्रोते शंका काढतात आणि पाद्रीगुरू त्यांचे समाधान करतात. आपली धर्मशिक्षणाची पुस्तकेही दीर्घकाळ प्रश्नोत्तरांच्या रूपात रचली गेली. उत्तर देण्याची कला आपण चांगली कमावली. पण त्या साऱ्या रचनेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती म्हणजे, समोरचा माणूस विचारतो आहे. तो विचारतच नसेल तर? ‘स्मृतिचित्रे’चे महत्त्व इथे आहे. न विचारणाऱ्या व्यक्तीने स्वतः सांगितलेली ही हकिगत आहे.

लक्ष्मीबाई १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर येथे जन्मल्या. वडिलांचे सोवळे इतके कडक, की सारे घर त्याच्या धाकात वावरे. लग्न अकराव्या वर्षाच्या आसपास झाले. पती कवी, विद्वान, उदार. पण संसाराच्या बाबतीत बेभरवशाचा. पैसा हाती आला की जाणार, मनात आले की न सांगता घर सोडून निघणार. अशा माणसाने एके दिवशी धर्मही बदलला आणि तोही पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंच्या कानी ती बातमी वीज कोसळावी तशी पडली. त्यानंतर सुमारे साडेचार वर्षे त्यांनी लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने काढली.

इथे थोडे थांबले पाहिजे. बाहेरून पाहणाऱ्या एखाद्या उत्साही प्रचारकाने या बाईंविषयी काय नोंद केली असती? ‘ख्रिस्ताविषयी अनास्था.’ परंतु पुस्तक वाचताना कळते, की जिला आपण अनास्था म्हणतो ती अनास्था नव्हतीच. ते दुःख होते, अपमान होता, लोक काय म्हणतील याचे भय होते आणि लहानपणापासून अंगी मुरलेल्या शुद्धतेच्या कल्पनेशी असलेली निष्ठा होती. ख्रिस्ताविषयी त्यांचे काही मत होण्यापूर्वीच ख्रिस्ताच्या नावाने त्यांचे घर मोडले होते. विश्वास सांगू पाहणाऱ्यानेच आधी विश्वास मोडला होता. टिळकांविषयी आदर बाळगूनही समीक्षकाने हे स्पष्ट म्हटले पाहिजे. लक्ष्मीबाई ते लपवीत नाहीत. पण त्याचा सूडही उगवीत नाहीत.

पुढे त्या अहमदनगरला टिळकांकडे आल्या, त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कायम. या ग्रंथातील सर्वांत बोलका भाग मला हाच वाटतो. धर्मोपदेशकाच्या घरात, ख्रिस्ती वस्तीच्या मध्यभागी, एक स्त्री आपली वेगळी चूल मांडून बसली आहे आणि ती तशी मांडू दिली जाते. जो टिळक एरवी उतावळा, तो इथे थांबलेला दिसतो. पूर्वी न सांगता निघून जाणारा माणूस आता राहावयास शिकला आहे. माझ्या मते, त्यांच्या सर्व काव्याइतकेच हे थांबणेही त्यांचे सुवार्ताकार्य होते.

आणि मग एके दिवशी लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत बसतात. देवाने माणसे निर्माण केली. जातीही त्यानेच केल्या काय? विचार करता करता त्यांना उमगते, की माणसामाणसांतील हा भेद माणसाने घातलेला आहे. निर्णय होतो: यापुढे कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास हरकत नाही. जवळ कोणी प्रवचनकार नाही, कोणी ग्रंथ उघडून बसलेला नाही. स्नानसंस्कार त्यानंतरचा, १९०० सालच्या सुमाराचा. म्हणजे त्यांच्या श्रद्धेची वाट सिद्धान्तातून आली नाही. ती पाण्याच्या भांड्यावरून आली.

हा प्रसंग सांगताना लेखिकेचा आवाज जराही चढत नाही. दृष्टान्त नाही, अश्रू नाहीत. हुंडा, भांडी, आजारपण यांविषयी त्या ज्या सुरात बोलतात, त्याच सुरात हेही सांगतात. साक्षीच्या ग्रंथात आत्म्याची मोठी उलथापालथ शोधणाऱ्या वाचकाची इथे निराशा होईल. मला मात्र हा संयमच या निवेदनाचा पुरावा वाटतो. पटवून देण्याची घाई नसलेल्या माणसाचे बोलणे अधिक पटते.

एक आक्षेप मात्र टाळता येणार नाही. त्या काळच्या स्त्रीला दुसरा कोणता मार्ग होता? पदरी मूल, उत्पन्न नाही, माहेरचा आधार किती दिवस पुरणार? मग या निवडीला मुक्त निवड म्हणावे काय? आक्षेप रास्त आहे. परिस्थितीने त्यांना टिळकांच्या दारी आणले, हे खरे. पण दारापासून वेदीपर्यंतचे अंतर त्यांना कोणी ढकलून तोडावयास लावले नाही. पुढील आयुष्यही हेच सांगते. १९१९ मध्ये टिळक वारल्यावर ही श्रद्धा गळून पडली नाही. उलट त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. उसन्या श्रद्धेला एवढा श्वास नसतो.

हे दाम्पत्य प्रॉटेस्टंट होते, आपण कॅथलिक. तरी या ग्रंथाचा धडा आपल्याला परका नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात, श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, असे निःसंदिग्धपणे शिकविले. संत योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्याहून पुढे नेतो. शोमरोनी स्त्री विहिरीवर येते ती पाणी भरावयास, धर्मचर्चेसाठी नव्हे. प्रभू तिला प्रथम काही देत नाही. तिच्याकडे पाणी मागतो. ज्या लोकांच्या भांड्याला यहुदी हात लावीत नसत, त्यांच्यातल्या एका स्त्रीच्या हातचे पाणी तो प्यावयास तयार आहे. जिवंत पाण्याची गोष्ट त्यानंतर निघते.

आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत आज न विचारणारी माणसे आहेत! रविवारी मिस्साची घंटा वाजते आणि तरुण मुलगा कूस बदलून झोपतो. जपमाळेच्या वेळी मुलगी खोलीचे दार लोटून घेते. आपण तत्काळ निदान करतो: मुलांना गोडी राहिली नाही. मग आपण उत्तरे देऊ लागतो, कोणी न विचारलेल्या प्रश्नांची. कदाचित त्या लोटलेल्या दारामागे अनास्था नसेल. आपल्याच वागण्याने मोडलेला एखादा विश्वास असेल, किंवा असा एखादा प्रश्न असेल जो आपल्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात छापलेलाच नाही.

‘स्मृतिचित्रे’ त्यावर उपाय सांगत नाही. ते उपायांचे पुस्तक नव्हे. एका घरात दोन चुली शेजारी शेजारी पेटत होत्या आणि कोणीही दुसऱ्याची विझवली नाही, एवढेच ते दाखविते. ज्या घरात असे कोणी आहे, त्या घराने हे पुस्तक या दृष्टीने एकदा अवश्य वाचावे.